आधी सांगण्याचा रिवाज

१९९० साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. एका बाईने आपल्या पूर्वीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागितली होती. त्याच्यापासून तिला जननेंद्रियांच्या हर्पिसची लागण झाली होती, आणि आपल्याला हा आजार आहे हे त्याने तिला आधी सांगितलं नव्हतं. त्याचा बचाव साधा होता: अंगावर फोड नसताना हा आजार दुसऱ्याला लागतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. न्यायालयाने तो मानला नाही. आजार आहे हे ठाऊक असताना गप्प राहणं हा निष्काळजीपणा ठरला. कागदोपत्री दोघांची नावं 'डो' आणि 'रो' अशी आहेत. ओळख लपवायची असली की अमेरिकन न्यायालयं हीच नावं लावतात. निकाल अन्यायाचा होता असं म्हणता येणार नाही. पण त्या माणसाची जी समजूत होती, तीच थोड्याच वर्षांपूर्वी पुष्कळ डॉक्टरांचीही होती. सांगणं हे कर्तव्य आहे असं समाजाने आणि न्यायालयांनी ठरवून टाकलं, तेव्हा नेमकं काय सांगायचं हे वैद्यकालाही पुरतं उमगलेलं नव्हतं.

हर्पिस असलेल्याने जवळीक वाढण्याआधी जोडीदाराला सांगावं, हा पाश्चात्त्य जगातला रिवाज जेमतेम पंचेचाळीस वर्षांचा आहे. तो जन्मला भीतीतून आणि अपराधभावनेतून. त्याचा उपयोग होतो की नाही हे दाखवणारी मोजमापं आली नंतर, मुख्यतः १९९० ते २००६ या काळात. त्या मोजमापांनी रिवाजाची बाजू बळकट केली, पण ज्या भीतीवर तो उभा होता तिच्याखालची जमीन काढून घेतली. पापाची कबुली म्हणून या सांगण्याला काही अर्थ नाही आणि माहिती म्हणून मात्र फार मोठा अर्थ आहे, असं माझं मत हा इतिहास पाहून झालं आहे. दुर्दैव असं की समाजाने त्यातला कबुलीचा भाग घट्ट धरला आणि माहितीचा सोडून दिला. इथे हर्पिस म्हणजे 'हर्पिस सिंप्लेक्स'. आपल्याकडे जिला नागीण म्हणतात ती त्याच कुळातल्या, पण वेगळ्या विषाणूमुळे होते आणि तिचा शरीरसंबंधांशी काही संबंध नाही.

आजार जुना आहे, त्याच्याबद्दलची धास्ती नवी. रोमन सम्राट टायबेरियसने चुंबनावर बंदी घातली ती हर्पिसमुळे, असं अनेक पुस्तकांतून छापलेलं आढळतं. सुएटोनियसने लिहिलेल्या टायबेरियसच्या चरित्रात रोजच्या भेटीतल्या चुंबनांना मनाई करणाऱ्या हुकुमाचा उल्लेख आहे खरा, पण त्याला हर्पिसचं कारण नंतरच्यांनी चिकटवलं आहे. जननेंद्रियांवरच्या फोडांचं ठळक वर्णन फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुकने १७३६ मध्ये आपल्या गुप्तरोगांवरच्या ग्रंथात केलं. पुढे दीडशे वर्षं हा विषय गुप्तरोगांच्या दवाखान्यांतच राहिला. १८८३ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्नाने हँबुर्गच्या वेश्यांमध्ये हा विकार किती सर्रास आढळतो ते नोंदवलं. तीन वर्षांनी फ्रान्समध्ये दिदे आणि दुआयों यांनी या विषयावर आख्खा ग्रंथच लिहिला आणि हे फोड पुन्हापुन्हा येतात, बहुधा दुसरा एखादा गुप्तरोग होऊन गेल्यावर येतात, असं निरीक्षण मांडलं. या डॉक्टरांना हर्पिसची भीती वाटत नव्हती. ज्या वॉर्डात सिफिलिसने नाक गळून पडलेले रुग्ण होते, तिथे आठवडाभरात सुकणाऱ्या फोडांना कोण विचारतो! तरीही एक गोष्ट तेव्हाच रुजली. हा आजार कोणाचा, तर 'तसल्या' बायकांचा. कलंकाचं बियाणं एकोणिसाव्या शतकातच पेरलं गेलं होतं, हे पुढच्या एका वादासाठी लक्षात ठेवायला हवं.

सिफिलिसच्या बाबतीत 'आधी सांगण्याचं' काम व्यक्तीवर पडलंच नाही, ते सरकारने उचललं. १९०६ मध्ये वासरमनची रक्तचाचणी आली. १९३५ मध्ये कनेटिकट राज्याने विवाहापूर्वी वधू आणि वर दोघांनाही सिफिलिसची रक्ततपासणी सक्तीची केली आणि मग एकेक करत बहुतेक अमेरिकन राज्यांनी तसेच कायदे केले. प्रयोगशाळेचा कागद बोलत होता, माणसाला तोंड उघडावं लागत नव्हतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर तर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. इंजेक्शन घेतलं की आजार संपला. हर्पिसजवळ यातलं काहीच नव्हतं. बरं करणारं औषध नव्हतं, आणि तोंडाचा व जननेंद्रियांचा विषाणू वेगळा ओळखणारी विश्वासार्ह रक्तचाचणी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हती. त्यामुळे राज्यसंस्थेने जे काम कधी हातात घेतलं नाही ते खासगी संभाषणावर येऊन पडलं. हर्पिसबाबत 'सांगण्याचा' एवढा गाजावाजा का झाला, याचं एक रूक्ष पण खरं उत्तर हे आहे की दाखवायला दाखलाच नव्हता.

विषाणूचं वागणं हळूहळू उलगडत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग चेहऱ्याच्या असह्य वेदनेवर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया करत. त्यानंतर ओठाभोवती हर्पिसचे फोड येत, पण ज्या भागाचा तंतू कापला गेला तिथे ते येत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे आजाराचं मूळ कातडीत नव्हतं, तंतूच्या मुळाशी होतं. १९२९ मध्ये अर्नेस्ट गुडपाश्चरने तसं स्पष्ट मांडलं. जॅक स्टीव्हन्स आणि मार्जरी कुक यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींच्या पुंजक्यांत निद्रिस्त विषाणू दाखवून दिला, तेव्हा सिद्धता मिळाली. दरम्यान १९६२ मध्ये कार्ल श्नेवाइसने या विषाणूचे दोन प्रकार असल्याचं दाखवलं. १९६८ मध्ये अटलांटाच्या आंद्रे नामियास आणि वॉल्टर डाउडल यांनी त्यांची विभागणी केली: पहिला प्रकार बहुतेक कंबरेच्या वर, दुसरा कंबरेच्या खाली. प्रयोगशाळेतली ही सोयीची विभागणी बाहेर मात्र नैतिक विभागणी होऊन बसली. ओठावरचा फोड म्हणजे ताप येऊन गेल्याची खूण, आणि तोच फोड खाली आला की चारित्र्याचा दाखला. दोन्ही विषाणूंच्या रचनेत प्रचंड साम्य आहे आणि दोघेही आयुष्यभर मज्जातंतूंच्या मुळाशी तळ ठोकून राहतात, याने कोणाचं मत बदललं नाही.

मग १९७० च्या दशकात घाबरण्याजोगं काय घडलं? तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे आजार खरोखर जास्त दिसू लागला: अमेरिकेत जननेंद्रियांच्या हर्पिससाठी डॉक्टरांकडे होणाऱ्या भेटी १९६६ ते १९७९ या काळात जवळजवळ नऊपट झाल्या. गर्भनिरोधक गोळी १९६० मध्ये बाजारात आली होती आणि पेनिसिलिनने गुप्तरोगांचा धाक कमी केला होता. त्या पिढीला पहिल्यांदाच असा आजार भेटला जो इंजेक्शनने जात नव्हता. दुसरी गोष्ट नवजात बालकांची. प्रसूतीच्या वेळी बाळाला लागण झाली तर ते दगावू शकतं किंवा मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे या काळात स्पष्ट झालं. तिसरी गोष्ट सर्वांत घातक आणि शेवटी खोटी ठरलेली: गर्भाशयमुखाचा कर्करोग हर्पिसमुळे होतो, हा संशय. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तो बळावत गेला, कारण कर्करोग झालेल्या बायकांच्या रक्तात हर्पिसविरोधी प्रतिपिंडं अधिक सापडत. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना त्या गाठींमध्ये हर्पिसचा डीएनए सापडला नाही. १९७४ मध्ये त्यांनी हे एका परिषदेत सांगितलं तेव्हा त्यांना कोणी धड ऐकून घेतलं नाही. खरा गुन्हेगार म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू. तो त्यांच्याच प्रयोगशाळेने १९८३ मध्ये दाखवला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्या मधल्या दीड दशकात हर्पिस झालेल्या प्रत्येक बाईला वर्तमानपत्रांतून कर्करोगाची धमकी मिळत होती. उपाय म्हणून देवीची लस पुन्हापुन्हा टोचण्याचे आणि फोडांवर रंग लावून प्रकाश टाकण्याचे प्रयोगही झाले; उपयोग कशाचाच झाला नाही.

अशा वातावरणात १९७९ मध्ये 'अमेरिकन सोशल हेल्थ असोसिएशन'ने हर्पिसग्रस्तांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. गावोगावी गट जमू लागले आणि 'द हेल्पर' नावाचं पत्रक निघू लागलं. पुढच्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने हर्पिसला नव्या काळातला लैंगिक महारोग ठरवलं. २ ऑगस्ट १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तर त्याने हर्पिसला 'आजचं लाल अक्षर' म्हटलं. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या १८५० च्या कादंबरीत व्यभिचारी ठरलेल्या स्त्रीला छातीवर लाल अक्षर मिरवावं लागतं, तो संदर्भ. अमेरिकेत २ कोटी लोकांना हा आजार असल्याचा अंदाज त्या लेखात होता, आणि सगळा सूर असा की लैंगिक क्रांतीला निसर्गाने चपराक दिली. गरम पाण्याचे टब आणि शौचालयाच्या बैठका यांच्याबद्दलही लोक विचारू लागले. १९८३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या पत्रिकेत प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर विषाणू काही तास तग धरू शकतो असं दाखवणारा शोधनिबंध आला. विषाणू तग धरतो, पण माणसाला लागण होते ती कातडीशी कातडी आणि ओलसर त्वचेशी ओलसर त्वचा भिडल्याने. बैठकीवरून कोणाला हर्पिस झाल्याचा पुरावा नाही.

इथे एक लोकप्रिय आक्षेप येतो. कलंक वगैरे काही नव्हतंच, तो 'बरोज वेलकम' या औषध कंपनीने आपलं असायक्लोव्हिर खपवण्यासाठी उभा केला, असं अनेक जण आत्मविश्वासाने सांगतात. या कथेत सत्याचा अंश आहे. गरट्रूड एलियन आणि हॉवर्ड शेफर यांच्या गटाने असायक्लोव्हिर शोधलं, त्याच्या मलमाला अमेरिकेत मार्च १९८२ मध्ये परवानगी मिळाली, आणि मुखपृष्ठ ऑगस्टमध्ये आलं. कंपनीने पुढे जाहिराती केल्या आणि त्या जाहिरातींना भीती सोयीची होती. पण तारखा या कथेला साथ देत नाहीत. स्वमदत गट १९७९ चे, महारोगाची उपमा १९८० ची, डॉक्टरांकडची वाढती गर्दी आणि कर्करोगाचा संशय त्याही आधीचा. हा आजार वेश्यांशी जोडणारं वैद्यकीय लेखन तर शंभर वर्षं जुनं. शिवाय पहिलं औषध साधं मलम होतं आणि वारंवार उलटणाऱ्या आजारावर त्याचा फार उपयोग नव्हता. कामाची गोळी १९८५ मध्ये आली. कारखान्याने कलंक विकला असेल, पण पिकवला नाही. औषध कंपनीवर सगळं ढकललं की उन्नाच्या दवाखान्यापासून साप्ताहिकांच्या संपादकांपर्यंत साऱ्यांची सुटका होते, म्हणून ही कथा इतकी आवडते की काय, अशी शंका येते. एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं ते कलंकासाठी नव्हे, औषधोपचाराच्या महत्त्वाच्या तत्त्वांच्या शोधासाठी.

न्यायालयं या भीतीच्या भरातच विषयात शिरली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच न्यायालयाने ठरवलं की शयनगृह खासगी आहे म्हणून हर्पिस लावणाऱ्याला भरपाईच्या दाव्यातून सुटता येणार नाही. इतर राज्यांतही तसे दावे झाले. इंग्लंडमध्ये तर हे प्रकरण फौजदारीपर्यंत गेलं: हर्पिस लावल्याबद्दल एका माणसाला शिक्षा झाली, आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दोष कायम ठेवून १४ महिन्यांची कैद ३ महिन्यांवर आणली. दरम्यान १९८१ पासून एड्स आला आणि मुखपृष्ठांवरून हर्पिस नाहीसा झाला. पण जे ठरलं होतं ते ठरलेलंच राहिलं: ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं, आणि न सांगणारा गुन्हेगार.

आता मोजमापांकडे. एका जोडीदाराला हर्पिस आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १४४ जोडप्यांवर अमेरिकेत ग्रेगरी मर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी लक्ष ठेवलं आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. साधारण अकरा महिन्यांत १४ जणांना लागण झाली, म्हणजे सुमारे १० टक्के. बायकांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं आणि पुरुषांमध्ये ४ टक्के. स्त्रीच्या शरीराची रचना तिला या बाबतीत अधिक उघडं पाडते. अधिक महत्त्वाचं पुढे आहे: ज्यांचा तपशील मिळाला त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून जास्त जणांना लागण झाली ती जोडीदाराच्या अंगावर काहीही दिसत नसताना. फोड दिसले की दूर राहायचं, एरवी काळजी नाही, हा सल्ला कोसळला. नंतरच्या चाचण्यांनी त्याचं कारण दाखवलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या प्रकारचा विषाणू असलेल्या सुमारे ५०० जणांनी रोज स्वतःचे नमुने घेतले. ज्यांना कधी ना कधी लक्षणं आली होती त्यांच्यात २० टक्के दिवशी विषाणू सापडला, आणि ज्यांना कधीच काही जाणवलं नव्हतं त्यांच्यातही १० टक्के दिवशी.

त्याहून मोठा धक्का लोकसंख्येच्या पाहणीने दिला. १९८८ ते १९९४ या काळात अमेरिकेत बारा वर्षांवरच्या जवळजवळ २२ टक्के लोकांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची खूण होती. त्यांतल्या दहांतल्या एकालाही आपल्याला हर्पिस आहे हे ठाऊक नव्हतं. म्हणजे 'संसर्ग असलेला जोडीदार' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं, तो केवळ निदान झालेला माणूस होता. बाकीचे नऊ स्वतःला निरोगी समजत होते आणि अर्थातच कोणाला काही सांगत नव्हते. सांगण्याच्या रिवाजाचा सगळा भार त्या एकावर होता, आणि विषाणू प्रामुख्याने उरलेल्या नऊंमधून फिरत होता.

धोका कमी करता येतो का, हेही नंतर मोजलं गेलं. लॉरेन्स कोरी यांच्या गटाने १,४८४ जोडप्यांवर आठ महिने चाचणी केली आणि १ जानेवारी २००४ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ती छापली. बाधित जोडीदाराने रोज एक व्हॅलासायक्लोव्हिरची गोळी घेतली तर लागण १.९ टक्के जणांना झाली, नुसती नकली गोळी घेतली तर ३.६ टक्के जणांना. दोन्ही गटांना कंडोम आणि खबरदारीचा सल्ला दिलेला होता, हे विसरायचं नाही. तो नसता तर आकडे याहून मोठे असते. कंडोमचं संरक्षण मात्र वादाचं राहिलं. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नेहमी कंडोम वापरणाऱ्यांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या जोडप्यांवरच्या विश्लेषणात पुरुषाकडून स्त्रीकडे जाणारा संसर्ग दर संबंधामागे ९६ टक्क्यांनी आणि स्त्रीकडून पुरुषाकडे जाणारा ६५ टक्क्यांनी घटलेला निघाला. आकड्यांतली दरी अभ्यासाच्या पद्धतीची आहेच, पण दिशांमधला फरक शरीराचा आहे: विषाणू मांड्यांच्या सांध्यातून, योनीच्या बाहेरच्या कातडीवरूनही बाहेर पडतो आणि कंडोम तेवढा भाग झाकत नाही.

आणि शेवटी खुद्द सांगण्याचंच मोजमाप झालं. सिएटलच्या ॲना वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नव्याने लागण झालेल्यांना विचारलं की जोडीदाराने तुम्हाला आधी सांगितलं होतं का. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात संबंध सुरू झाल्यापासून लागण होईपर्यंतचा मध्यक काळ २७० दिवस निघाला. ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यात ६० दिवस. यावर शंका घेणारा म्हणेल की सांगणारी माणसं मुळातच सावध असतात. ती फोड असताना जवळ येत नाहीत, औषध घेतात, आणि फरक पडतो तो त्यामुळे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो मारक नाही. सांगण्यात काही जादू नाहीच. सांगितल्यावर दोघं मिळून काही करू शकतात, एवढाच त्याचा गुण. जो माणूस शरमेने गप्प बसतो तो औषधाच्या गोळ्याही लपवून ठेवतो आणि फोड आले की थकव्याचा बहाणा करतो, आणि मग धोका ओळखण्याचं साधन दुसऱ्याच्या हाती राहत नाही. १९८२ च्या कलंकाने नेमकं हेच केलं: ज्या संभाषणाने संसर्ग लांबतो तेच त्याने महाग करून ठेवलं.

उलट बाजूचाही आक्षेप आहे, आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. बहुतेकांना हा आजार वर्षातून एखाद-दोनदा त्रास देतो, अनेकांना कधीच देत नाही. जगात १५ ते ४९ या वयातल्या सुमारे १३ टक्के लोकांना दुसरा प्रकार आहे. मग एवढ्याशा गोष्टीची चर्चा करून नाती कशाला नासवायची? पण काही ठिकाणी ही गोष्ट एवढीशी राहत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बाईला पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला ती होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो. आधीपासून आजार असलेल्या बाईच्या बाबतीत तो १ टक्क्याच्याही खाली. म्हणजे ज्या गर्भवतीच्या नवऱ्याला हर्पिस आहे आणि तिला नाही, तिला ते कळणं म्हणजे बाळाच्या जिवाचा प्रश्न. शिवाय दुसऱ्या प्रकारचा विषाणू असेल तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते. बाकी वेळी मात्र या आक्षेपाचं वजन मान्य करायला हवं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये, आणि पुन्हा २०२३ मध्ये, लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नका असंच सांगितलं, कारण चाचणीत खोटे 'पॉझिटिव्ह' बरेच निघतात आणि त्या एका शब्दाने माणूस खचतो.

कंबरेच्या वरचा आणि खालचा हा भेदही आता टिकलेला नाही. अनेक श्रीमंत देशांत तरुण मुलींना होणारा जननेंद्रियांचा पहिला हर्पिस आता बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा, म्हणजे ओठांवरचा असतो. तो मुखमैथुनातून येतो. लहानपणी घरातल्या मोठ्यांच्या पाप्यांमधून हा विषाणू मिळण्याचं प्रमाण तिथे घटलं, त्यामुळे तारुण्यात तो नव्याने भेटतो. २०२२ च्या एका अभ्यासात अशी लागण झाल्यावर दोन महिन्यांनी १२ टक्के दिवशी विषाणू आढळला आणि अकरा महिन्यांनी ७ टक्के दिवशी. दुसऱ्या प्रकाराहून तो लवकर शांत होतो. आणि जगात पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांमध्ये हा पहिला प्रकार आहे. मग आधी सांगण्याचा नियम काटेकोर लावायचा तर बहुसंख्य मानवजातीने चुंबनाआधी निवेदन करायला हवं. तसं कोणी मागत नाही, मागूही नये. पण ते न मागणं आणि खालच्या फोडासाठी खटला भरणं, या दोहोंमध्ये वैद्यकाचा आधार थोडा आणि एकोणिसाव्या शतकातल्या वॉर्डाचा जास्त आहे.

आपल्याकडे हा रिवाज वेगळ्या वाटेने आला. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा १८७० मध्ये मुंबईत लागू झाला, तेव्हा नोंदणी आणि सक्तीची तपासणी फक्त बायकांची होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या सोल्जरांनी आणि खलाशांनी कोणाला काही सांगावं अशी अपेक्षा त्यात नव्हती. पुढे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून गुप्तरोगांबद्दल, पापपुण्य बाजूला ठेवून, साध्या मराठीत लिहिलं. त्यांच्या लेखनावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. स्वतंत्र भारताच्या कायद्याने मात्र जुनीच चौकट घेतली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराला 'संसर्गजन्य स्वरूपाचा' गुप्तरोग असणं हे घटस्फोटाचं कारण आहे. मुळात त्याला तीन वर्षांची अट होती, ती १९७६ मध्ये काढली. हे कलम सिफिलिस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे, जिथे रोग एकतर असतो किंवा बरा होतो. हर्पिसचा विषाणू महिन्यातले तीन ते सहा दिवस कातडीवर येतो आणि बाकीचे दिवस मज्जातंतूंच्या मुळाशी झोपतो. त्यातल्या कोणत्या दिवशी तो या कलमात बसतो, हे ठरवायचं तर कौटुंबिक न्यायालयाला रोज नमुने घ्यावे लागतील. याच यादीत कुष्ठरोगही होता. औषधाने तो पूर्ण बरा होत असताना त्याच्यावरून घटस्फोट देणं अन्यायाचं आहे, असं मान्य करून संसदेने २०१९ मध्ये तो वगळला. गुप्तरोगाच्या कलमाला तेव्हा हात लागला नाही.